खिंड अडवणारे आणि खिंड ओलांडणारे

अध्यक्ष महाराज, व्याख्यानमाला चालवणारे कार्यकर्ते, नांद्याचे ग्रामस्थ, चांदे, सूस, लवळे अशा शेजारच्या गावांतून आलेले बंधू-भगिनी, आणि मागे भिंतीला टेकून उभी असलेली तरुण मंडळी! पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत. या, बसा. विषय समुद्राचा आहे, पण कुणाचे पाय ओले होणार नाहीत.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना गावाचा विषय जगाशी आणि जगाचा विषय गावाशी जोडायची हौस होती, असं इथली वडीलधारी मंडळी सांगतात. तेव्हा विषयाची निवड त्यांना पसंत पडली असती, असं धरून चालू. पत्रिकेवर छापलं आहे, ‘टँकरला नौदलाची सोबत’. ते वाचून एका ताईंनी दारातच विचारलं, ‘पाण्याच्या टँकरला नौदल कशाला?’ प्रश्न रास्त आहे. सूस-म्हाळुंग्याच्या बाजूला इमारती उठल्या आणि आपल्याकडे टँकर या शब्दाला एकच अर्थ उरला. सोसायटीच्या दाराशी उभा राहणारा, रस्त्यावर पाणी सांडत जाणारा. आजचा टँकर मात्र तीनशे मीटरहून लांब आहे. त्याच्या पोटात वीस लाख पिंपं कच्चं तेल मावतं. पुढे काही आडवं आलं तर त्याला थांबायला काही किलोमीटर लागतात, आणि वळायचं ठरवल्यावर तो वळेपर्यंत माणसाचा अर्धा चहा पिऊन होतो.

असा टँकर आणि पिरंगुटचा घाट यांत काय साम्य?

घाटात एक ट्रक आडवा झाला की काय होतं, हे इथे कुणाला सांगायला नको. मागे पौडपर्यंत रांग. ट्रकवाल्याचं कुणाशी वैर नसतं, त्याचा फक्त टायर फुटलेला असतो. पण जागा अशी असते की एकाचा टायर फुटला तर हजारांचा दिवस वाया जातो. अशा जागेला मराठीत नेमका शब्द आहे: खिंड. समुद्रातल्या अशा जागेला भूगोलाच्या पुस्तकात सामुद्रधुनी म्हणतात. तो शब्द परीक्षेपुरता ठीक आहे. आज आपण तिला खिंडच म्हणू, कारण खिंडीचं राजकारण मराठी माणसाला समजावून द्यावं लागत नाही. आणि आजच्या विषयाची खरी अडचणही तिथेच आहे. तिकडे येऊच.

ही खिंड इराण आणि ओमान यांच्या मध्ये आहे. नाव होर्मुझ. जुन्या मराठीत हुरमुज. जुन्या वाड्यांची लाकडी दारं, खांब, भिंतींचे पट्टे ज्या तांबड्या मातीने रंगवत, तिला हुरमुंजी म्हणत. तो रंग त्या खिंडीतल्या होर्मुझ बेटाचं नाव घेऊन आला. तिथली माती आजही तशीच लालभडक आहे. नुसती मातीच नाही, घोडेही तिथूनच यायचे. इराणी आणि अरबी घोडा हुरमुजहून चौल, दाभोळ, गोव्याच्या बंदरात उतरायचा आणि घाट चढून बहमनी नाहीतर विजयनगरच्या पागेत जायचा. देशावरच्या राजाचं सैन्य तेव्हाही त्या खिंडीच्या खुशीवर चालायचं. तेव्हा घोडा होता, आता इंधन आहे.

पोर्तुगीजांनी हे फार लवकर ओळखलं. अल्बुकर्कने १५०७ मध्ये हुरमुजवर पहिला हल्ला केला आणि १५१५ मध्ये ते पुरतं ताब्यात घेतलं. शंभरेक वर्षं त्यांनी तिथे बसून जकात खाल्ली. घोडे गोव्यातच उतरले पाहिजेत, असा दंडक घातला. आपल्या किनाऱ्यावर परवान्याशिवाय फिरणारं जहाज ते पकडत, आणि परवाना घेतलेल्या व्यापारी गलबतांचे ताफे स्वतःच्या लढाऊ जहाजांच्या सोबतीने खंबायत ते गोवा नेत. त्या ताफ्याला शब्द होता काफिला. म्हणजे आधी धोका निर्माण करायचा आणि मग त्याच धोक्यापासून संरक्षण विकायचं! हा धंदा पोर्तुगीजांनी शोधला असं नाही, पण कागदोपत्री नीट बसवला तो त्यांनी. १६२२ मध्ये इराणच्या शाह अब्बासने इंग्रजी जहाजांच्या मदतीने त्यांना तिथून हुसकलं.

आता आजची खिंड. सर्वांत अरुंद ठिकाणी रुंदी सुमारे ३३ किलोमीटर. ऐकायला पुष्कळ वाटतं. नांद्याहून पौडला जाऊन परत आल्यासारखं. पण मोठ्या जहाजांना जायची वाट एका बाजूने दोन सागरी मैल, यायची वाट दोन सागरी मैल, आणि मध्ये दोन मैलांचा दुभाजक. एवढ्या पट्ट्यातून २०२४ मध्ये रोज सुमारे दोन कोटी पिंपं तेल गेलं. जगात रोज जेवढं तेल वापरलं जातं, त्याचा साधारण पाचवा हिस्सा. कतारचा द्रवरूप नैसर्गिक वायू वेगळाच. यातला मोठा भाग अमेरिकेला जात नाही, युरोपलाही जात नाही. तो येतो आशियात: चीन, भारत, जपान, दक्षिण कोरिया. आपण लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक बाहेरून आणतो. आणि स्वयंपाकाचा गॅस? त्यातलाही निम्म्याहून अधिक आयातीचा, आणि त्या आयातीतला बहुतेक आखातातून. म्हणजे इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या घरांतल्या सिलिंडरने ती खिंड पाहिली आहे, आपण पाहिलेली नाही.

आता मघाशी म्हटलेली अडचण.

मराठी माणूस खिंड म्हटली की कुणाच्या बाजूने उभा राहतो? अडवणाऱ्याच्या. नेहमी. शाळेतल्या पोरांना विचारा, घोडखिंड म्हणताच मुठी आवळल्या जातात. आपल्या मुळशी-मावळातले कोरीगड, घनगड, तुंग, तिकोना हे किल्ले काय म्हणून उभे आहेत? कोकणातून वर येणाऱ्या वाटांवर नजर ठेवायला. २ फेब्रुवारी १६६१ ला उंबरखिंडीत मुघलांचा सरदार कारतलबखान असाच सापडला. सैन्य मोठं, सामान मोठं, वाट एवढीशी. पुढे मावळे, मागे मावळे, पाणी नाही. खंडणी भरून, सामान टाकून तो गेला. थोड्यांनी पुष्कळांना अडवलं की आपल्याला आनंद होतो, आणि तो आनंद खोटा नाही.

समुद्रावरही आपण तेच केलं. १६७९ च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडावर खांदेरीच्या बेटावर किल्ला बांधायला घेतला. मायनाक भंडारी कामावर होता. मुंबईतल्या इंग्रजांना लगेच कळलं की हे बेट मराठ्यांकडे राहिलं तर बंदरात येणारं-जाणारं प्रत्येक जहाज त्यांच्या नजरेखालून जाणार. म्हणून त्यांनी जहाजं पाठवून बेटाला वेढा घातला. ‘रिव्हेंज’ नावाचं त्यांचं मोठं जहाज होतं, तोफा होत्या. आपल्याकडे लहान होड्या. पण लहान होड्यांना कमी पाणी लागतं, वारा पडला तरी वल्ही असतात, आणि रात्री त्या दिसत नाहीत. रात्रीच्या अंधारात दगड, चुना, दाणागोटा बेटावर पोहोचत राहिला. १८ ऑक्टोबरला मराठ्यांच्या दौलतखानाचं आरमार उजाडता उजाडता इंग्रजांवर तुटून पडलं आणि ‘डव्ह’ नावाचं त्यांचं एक जहाज पकडलं गेलं. १६८० च्या जानेवारीत इंग्रजांनी नाद सोडला.

पुढे कान्होजी आंग्र्यांनी याच सत्तेचा कारभार केला. आमचं दस्तक घ्या, आमच्या पाण्यातून जा. दस्तक नसेल तर जहाज जप्त. इंग्रज म्हणाले, आम्ही घेणार नाही. १७१२ मध्ये मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरची स्वतःची नौकाच आंग्र्यांनी धरली. मग १७१७ मध्ये विजयदुर्गावर हल्ला, १७१८ मध्ये खांदेरीवर, १७२१ मध्ये पोर्तुगीजांना बरोबर घेऊन कुलाब्यावर. तिन्ही फसले. इंग्रजांनी त्यांना चाचे म्हटलं, आपण सरखेल म्हटलं. जकात घेणारा आपला असला म्हणजे शब्द बदलतो, एवढंच.

हे सगळं पुन्हा कशाला सांगितलं? कारण होर्मुझच्या खिंडीत इराणचे क्रांतिरक्षक आज ज्या होड्या वापरतात, त्यांच्याकडे पाहिलं की खांदेरी आठवते. लहान, वेगवान, कमी पाण्यात चालणाऱ्या, किनाऱ्यावरच्या खाचाखोचांत लपणाऱ्या. समोर जगातलं सर्वांत बलाढ्य आरमार. युक्ती तीच आहे. फरक इतकाच की या वेळी आपण बेटावर नाही. आपण त्या जड, हळू चालणाऱ्या, पोट भरलेल्या जहाजावर आहोत. खिंड अडवणाऱ्याचं कौतुक करत वाढलेल्या आपल्याला आता खिंड ओलांडणाऱ्याच्या चिंता शिकायच्या आहेत. आजच्या व्याख्यानाचा मुद्दा म्हणाल तर हाच. बाकी सगळा तपशील आहे; पण तपशीलच जास्त मजेदार आहे.

चला १९८७ सालात.

इराण-इराक युद्ध १९८० पासून चालू होतं. १९८४ पासून दोघांनी एकमेकांच्या तेलावर हात टाकला. इराकची विमानं खार्ग बेटावरून तेल नेणाऱ्या जहाजांवर क्षेपणास्त्रं सोडायची. इराण उलट कुवेत आणि सौदीच्या जहाजांवर राग काढायचा, कारण इराकचं स्वतःचं तेल आखातातून जातच नव्हतं. भांडण कुणाचं आणि मार कुणाला! या टँकरयुद्धात चारशेहून अधिक व्यापारी जहाजांवर हल्ले झाले आणि चारशेहून अधिक खलाशी मेले. ते खलाशी कुठल्याही सैन्यात नव्हते. जगातलं सर्वांत लांब जहाज, ४५८ मीटरचं ‘सीवाइज जायंट’, १९८८ च्या मे महिन्यात तिथेच जळालं. पुढे ते दुरुस्त होऊन नावं बदलत फिरलं आणि शेवटी गुजरातच्या अलंगमध्ये भंगारात निघालं. (कुणी अलंगहून जुनं सामान आणलं असेल तर एकदा नीट पाहून घ्या.)

कुवेतने हुशारी केली. एकाच वेळी सोव्हिएत रशियाला आणि अमेरिकेला विचारलं, आमची जहाजं सांभाळता का? रशियाने तीन टँकर भाड्याने दिले. रशिया आखातात शिरतोय म्हटल्यावर अमेरिकेलाही घाई झाली. पण अमेरिकेच्या नौदलाला कायद्याने परक्या जहाजाला सोबत देता येईना. मग युक्ती निघाली: जहाजच अमेरिकी करायचं. कुवेतच्या अकरा टँकरवर अमेरिकेचा झेंडा चढला. ‘अल रेक्का’ या चार लाख टनी जहाजाचं नाव झालं ‘ब्रिजटन’. बारसं झालं, झेंडा बदलला, आणि १९८७ च्या जुलै महिन्यात पहिला तांडा निघाला. पुढे-मागे तीन अमेरिकी युद्धनौका, मध्ये ‘ब्रिजटन’ आणि गॅस वाहणारं ‘गॅस प्रिन्स’. जगभरचे वार्ताहर, कॅमेरे. खिंड सुखरूप पार झाली. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

आणि २४ जुलैला, खिंडीच्या कितीतरी आत, फारसी बेटाजवळ, ‘ब्रिजटन’च्या बुडाशी स्फोट झाला. पाण्यात पेरलेला सुरुंग.

आता पुढचं ऐका, कारण असं चित्र नौदलाच्या इतिहासात फार वेळा दिसलेलं नाही. ‘ब्रिजटन’ बुडालं नाही. एवढं मोठं धूड, अनेक कप्पे, एका कप्प्यात भोक पडलं तरी ते हळूहळू चालत राहिलं. युद्धनौकांचं मात्र तसं नव्हतं. पातळ कातडीच्या त्या नौकांना असा एक सुरुंग पुरेसा होता, आणि सुरुंग काढायची साधनं कुणी बरोबर आणलीच नव्हती. मग काय केलं? तिन्ही युद्धनौका ‘ब्रिजटन’च्या मागे गेल्या. त्याने कापलेल्या पाण्यातून, एकामागे एक. ज्याला सांभाळायचं होतं तो पुढे, आणि सांभाळणारे त्याच्या पाठीशी लपलेले. वऱ्हाडाबरोबर दिलेला पहिलवान अंधारात नवरदेवाचा सदरा धरून चालावा, तसं.

यात अमेरिकेची टिंगल करायचा हेतू नाही. धडा वेगळा आहे. टँकरला सोबत म्हणजे क्षेपणास्त्रं आणि तोफा, असं आपण समजतो. खिंडीत खरा शत्रू स्वस्त असतो. पुढच्या वर्षी, १४ एप्रिल १९८८ ला, ‘सॅम्युएल बी. रॉबर्ट्स’ ही अमेरिकी नौका अशाच सुरुंगावर चढली. पाठीचा कणा मोडला, खलाशांनी रात्रभर झुंजून ती वाचवली. त्या सुरुंगाचा मूळ नमुना कुठल्या सालचा होता? १९०८ चा. रशियन. ऐंशी वर्षांपूर्वीच्या बनावटीच्या त्या गोळ्याने नव्या कोऱ्या युद्धनौकेची ही गत केली. चार दिवसांनी अमेरिकेने सूड म्हणून इराणच्या तेलाच्या फलाटांवर आणि नौकांवर हल्ला केला.

आपल्या नौदलाकडे खास सुरुंग काढणाऱ्या नौका किती आहेत, हा प्रश्न इथे विचारायलाच हवा. जुन्या ताफ्यातली शेवटची नौका, ‘कोळिकोड’, २०१९ च्या एप्रिलमध्ये सेवेतून निघाली. गोव्यात नव्या बारा नौका बांधायची योजना त्याआधीच बारगळली होती. नव्याने प्राथमिक मंजुरी मिळाली ती २०२५ च्या जुलैत. विमानवाहू नौकेच्या जलावतरणाला मंत्री जातात, बँड वाजतो. सुरुंग काढणाऱ्या नौकेसाठी बँड कोण वाजवणार?

आणि सोबत देणाऱ्याच्या हातूनही काय होऊ शकतं, ते ३ जुलै १९८८ ला दिसलं. खिंडीजवळ इराणी होड्यांशी चकमक चालू असताना ‘विन्सेन्स’ या अमेरिकी नौकेने आकाशातलं एक विमान लढाऊ समजून पाडलं. ते इराण एअरचं प्रवासी विमान होतं. २९० माणसं गेली, त्यांत दहा भारतीय. अरुंद जागा, घाबरलेली माणसं, बोटाखाली कळ. खिंडीतला धोका अडवणाऱ्यापुरता मर्यादित राहत नाही, हे त्या दहा घरांना कुणी समजावून सांगावं लागलं नसेल. त्याच ऑगस्टमध्ये युद्ध थांबलं. टँकरवरचे हल्ले थांबले ते त्यामुळे. सोबत चालू असताना ते थांबले नव्हते. उलट हल्ल्यांचं सर्वांत वाईट वर्ष १९८७ हेच होतं.

मग सोबतीचा उपयोग काय?

उपयोग आहे. पण तो कशात आहे हे नीट पाहिलं पाहिजे. रात्री शेतावरून परतताना एखाद्या ओढ्याजवळ भीती वाटते म्हणून आपण कुणाला तरी हाक मारतो, ‘जरा सोबत येतोस का?’ तो माणूस बरोबर येऊन भूत मारत नाही. तो आला म्हणून आपण निघतो. जहाजांचंही असंच असतं. टँकर बहुधा कुणी बळाने अडवत नाही, तो निघेनासाच होतो. आणि तो कोण थांबवतो? बरेचदा लंडनमधला विमेवाला. धोक्याच्या पाण्यात शिरायचं तर युद्धजोखमीचा जादा हप्ता लागतो, जहाजाच्या किमतीच्या टक्क्यांत. समजा जहाज दहा कोटी डॉलरचं आहे. हप्ता एक दशांश टक्का असला तर एका फेरीला एक लाख डॉलर. एक टक्का झाला तर दहा लाख. सुरुंग एकच फुटतो, पण हप्ता सगळ्यांचा वाढतो. युद्धनौका क्षितिजावर दिसली की हप्ता थोडा तरी आटोक्यात राहतो, कप्तान थोडा तरी धजावतो, खलाशी सही करतो. सोबतीचं खरं काम एवढंच आहे, आणि ते लहान नाही.

इथे दुसरा पेच येतो: सोबत कुणाला द्यायची? जहाज कुणाचं?

प्रश्न सोपा वाटतो ना? २०१९ चा जुलै महिना घ्या. ब्रिटिशांनी जिब्राल्टरजवळ इराणी तेल नेणारं ‘ग्रेस-१’ अडवलं. इराणने पंधरा दिवसांनी होर्मुझमध्ये ‘स्टेना इम्पेरो’ धरलं. मालक स्वीडनचे, झेंडा ब्रिटनचा. ब्रिटिश युद्धनौका ‘मॉन्ट्रोज’ रेडिओवरून बजावत राहिली, पण ती पोहोचेपर्यंत इराणी कमांडो दोरीने डेकवर उतरलेले होते. भांडण ब्रिटन आणि इराणचं. आणि दोन्ही जहाजांवर अडकून पडले कोण? ‘स्टेना इम्पेरो’च्या तेवीस जणांत अठरा भारतीय होते. ‘ग्रेस-१’वरही चोवीस भारतीय. डावीकडे आपली पोरं, उजवीकडे आपली पोरं.

ही पोरं कुठून जातात? फार लांबून नाही. तळेगावजवळ इंदुरीला आणि लोणी काळभोरला व्यापारी नौदलात जाणाऱ्या मुलांना शिकवणाऱ्या मोठ्या संस्था आहेत. नौदलाच्या यंत्र-अभियंत्यांना घडवणारी ‘आयएनएस शिवाजी’ तर १९४५ पासून लोणावळ्यात, म्हणजे डोंगराच्या कुशीत आहे. समुद्र दिसत नाही अशा ठिकाणी माणसं समुद्रावर जायला तयार होतात, हे पुणे जिल्ह्याचं वैशिष्ट्यच म्हणावं लागेल. जगातल्या व्यापारी जहाजांना खलाशी पुरवणाऱ्या आघाडीच्या देशांत भारत आहे. पण जगातल्या टँकरवर भारताचा झेंडा मात्र थोड्याच ठिकाणी दिसतो. तेल आपलं, माणसं आपली, झेंडा पनामाचा नाहीतर लायबेरियाचा किंवा मार्शल बेटांचा. आता नौदलाने कुणाकडे पाहायचं?

२०१९ च्या मे-जूनमध्ये ओमानच्या आखातात टँकरवर हल्ले झाले, तेव्हा १९ जूनला आपल्या नौदलाने ‘ऑपरेशन संकल्प’ सुरू केलं. ‘चेन्नई’ आणि ‘सुनयना’ या नौका गेल्या, विमानांची गस्त सुरू झाली. मूळ उद्देश भारतीय झेंड्याच्या जहाजांना धीर देण्याचा होता. पण समुद्रावर झेंडा पाहून मदत करता येत नाही, हे पुढे कळत गेलं.

२३ डिसेंबर २०२३. ‘केम प्लुटो’ नावाचा लायबेरियाच्या झेंड्याचा टँकर सौदीच्या जुबैलहून मंगळुरूला चालला होता. पोरबंदरपासून सुमारे दोनशे सागरी मैलांवर त्याच्यावर ड्रोन येऊन आदळलं. खिंड मागे पडली होती, आणि येमेनचे हूथी बंडखोर तेव्हा जिथे जहाजांवर हल्ले करत होते, तो तांबडा समुद्र तर वाटेतही नव्हता. धोका आता खिंडीच्या तोंडाशी बसून राहत नाही, तो वाटेवर चालत येतो. तटरक्षक दलाचं ‘विक्रम’ त्याला सोबत करत मुंबईला घेऊन आलं, आणि नाताळच्या दिवशी मुंबई बंदरात नौदलाच्या स्फोटकतज्ज्ञांनी त्याचं भोक तपासलं.

महिनाभरानंतर २६ जानेवारीला, म्हणजे आपल्या शाळांत झेंडावंदन झालं त्याच दिवशी, एडनच्या आखातात ‘मार्लिन लुआंडा’वर हूथींचं क्षेपणास्त्र पडलं. पोटात नॅफ्था. पेट्रोलच्या जवळचं, भडकायला टपलेलं द्रव्य. जहाजावर बावीस भारतीय, एक बांगलादेशी. कप्तान अविलाश रावत आणि त्यांची माणसं फेस मारून आग धरून ठेवत होती. ‘आयएनएस विशाखापट्टणम’ पोहोचली. तिच्यावरून आग विझवण्यात तरबेज असे दहा जण त्या जळत्या टँकरवर चढले. तोफ डागायला नाही, नळी धरायला. सहा तासांच्या झुंजीनंतर आग विझली. कप्तान आणि खलाशांना पुढे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्याचा पुरस्कार मिळाला. ‘विशाखापट्टणम’च्या कप्तानाला आणि नौसैनिकांनाही गौरवपत्र मिळालं.

ही ‘विशाखापट्टणम’ बांधली कुठे? नावावर जाऊ नका. माझगाव डॉकमध्ये, मुंबईत. ‘कोलकाता’ही तिथलीच. मार्च २०२४ मध्ये ‘रुएन’ या अपहृत जहाजाला चाळीस तास घेरून, सतरा खलाशी सोडवून, पस्तीस सोमाली चाच्यांना मुंबई पोलिसांच्या हवाली केलं ते या ‘कोलकाता’नेच. मुंबईहून त्या पाण्याकडे आरमार जायची ही पहिली वेळ नव्हे, हेही जाता जाता सांगितलं पाहिजे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि १८१९ मध्ये मुंबईहून इंग्रजांचं मोठं आरमार होर्मुझच्या तोंडावरच्या अरब दर्यावर्दींवर चालून गेलं. १८२० मध्ये त्यांच्यावर तह लादला. खिंडी अडवणाऱ्यांचा काळ एकाच दमात दोन ठिकाणी संपवला गेला. हा योगायोग इतिहासाच्या पुस्तकांत फारसा शेजारी शेजारी छापलेला दिसत नाही.

कुणी विचारेल, खिंड टाळताच येत नाही का? थोडी येते. सौदीने वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्रावरच्या यान्बूपर्यंत नळ नेला आहे, अमिरातीने फुजैरापर्यंत. पण रोजच्या दोन कोटी पिंपांपैकी त्यांतून वळवता येतं ते थोडंच. कतार-कुवेतला तर दुसरं दारच नाही. आपण विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूरला खडकाच्या पोटात ५३ लाख टन कच्चं तेल साठवायची सोय केली आहे. पूर्ण भरली तर देशाला साडेनऊ दिवस पुरेल. आपल्या समोरच्या मुंबई हायचं तेल १९७४ मध्ये सापडलं. ते कुठल्याच खिंडीतून येत नाही, पण देशाची भूक त्याच्या कितीतरी पुढे गेली आहे. म्हणजे खिंड ओलांडणं आलंच. कधी सोबतीने, कधी इराणशी बोलून, कधी दोन्ही करून. दोन्ही एकदम करणं अवघड असतं. एकाच्या पाठीशी युद्धनौका घेऊन उभं राहिलं की दुसरा आपल्याला पाहुणा समजत नाही. भारताने २०१९ मध्ये तिथे परक्या आघाडीत न शिरता आपल्या झेंड्याखाली जहाजं पाठवली, हे या वक्त्याला शहाणपणाचं वाटतं. काहींना ते भित्रेपणाचं वाटतं. वाद प्रश्नोत्तरांत घालू.

तोवर एका टँकरबरोबर थोडं जाऊ. तो खिंडीतून निघाला आहे. तीन-चार दिवसांनी एका पहाटे त्याला डाव्या-उजव्या बाजूला मासेमारीच्या होड्यांचे दिवे दिसू लागतात, आणि मग एक दीपस्तंभ. १८६७ मध्ये बांधलेला, खांदेरीवरचा. १९९८ पासून त्या बेटाचं सरकारी नाव कान्होजी आंग्रे बेट आहे. टँकरचा कप्तान बहुधा ते नाव नकाशावर वाचतो आणि पुढे जातो. त्याला आता कुणी दस्तक विचारत नाही. बंदराचा पायलट चढतो, जहाज जवाहर द्वीपाच्या धक्क्याला लागतं, तेल समुद्राखालच्या नळांतून माहुलच्या रिफायनरीत जातं. तिथून पेट्रोल आणि डिझेल नळातूनच घाट चढून लोणीला येतं. लोणीहून पहाटे सुटलेले टँकर शहराच्या गर्दीतून वाट काढतात. त्यांतला एखादा आज इथे येताना पिरंगुटच्या घाटात आपल्या पुढे असेल. अध्यक्षांना उशीर झाला तो त्याच्यामुळेच, असं त्यांनी मघाशी कानात सांगितलं.